बॅकप्लेटचा हार्नेस अंगाला कसा बसवायचा? मालवण-निवतीत डाइव्ह करणाऱ्यांनी सांगा

खाडीकाठचा

मंडळी, एक मित्र परदेशी जाताना स्टीलची बॅकप्लेट (टाकी पाठीला धरणारी प्लेट), विंग (तिच्यामागची हवा भरायची पिशवी) आणि हार्नेसच्या दोन इंची पट्ट्याचं भेंडोळं माझ्या गळ्यात मारून गेला. पट्टा त्याने धुवायला म्हणून काढलेला आणि परत ओवलाच नाही, ट्रायग्लाइड (पट्टा घट्ट धरायच्या कड्या) आणि डी-रिंगा (सामान अडकवायच्या कड्या) एका श्रीखंडाच्या डब्यात सुट्या. व्हिडिओ बघून कसंबसं ओवलं. अंगणात हवेची टाकी लावून घालून बघितलं तर टाकीचा व्हॉल्व्ह डोक्याला मागून टेकतोय, कंबरपट्टा बरगड्यांवर चढतोय, आणि काढताना हात असा अडकतो की बायकोला हाक मारावी लागते. आजवर जॅकेटवालं बीसीडीच (हवा भरून तरंगायचं जॅकेट) वापरलंय, तिथे दोन पट्ट्या ओढल्या की झालं.

प्रश्न दोन. हे नक्की कुठून सुरू करून जुळवायचं? आणि आपल्याकडे आठ-दहा मीटर खोलीत, जिथे बऱ्याचदा चार हातांपुढचं दिसत नाही, तिथे हे धूड वागवण्यात अर्थ आहे का?

बांगडा_तळलेला

अंगणात टाकी पाठीला बांधून फिरताना बघून शेजारी काय म्हणाले ते आधी सांगा, मग तांत्रिक चर्चा करू.

खाडीकाठचा

शेजारच्या काकांनी विचारलं फवारणी कधी, आंब्याला तुडतुडा पडलाय म्हणून.

पाणकोंबडा

सगळ्यात आधी हे सांगा की जुळवताना अंगात काय होतं? टीशर्ट असेल तर सगळं पहिल्यापासून करा. तीन मिलीमीटरचा सूट घातला की खांद्याला आणि छातीला बरीच जागा जाते, आणि पट्टा अखंड असल्यामुळे खांद्याला कमी पडलं की कंबरेतून चोरावं लागतं. सूट घालून, आरशासमोर, कोणीतरी मदतीला घेऊन करायचं काम आहे हे.

ओवण्याचं म्हणाल तर पट्ट्याचा बरोबर मध्य काढायचा आणि तो मधला भाग प्लेटच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला ठेवायचा. दोन्ही टोकं वरच्या तिरक्या खाचांमधून पाठीच्या बाजूला काढायची, खांद्यावरून पुढे, काखेखालून मागे आणि खालच्या खाचेत. तिथे ट्रायग्लाइडने पट्टा पक्का करायचा आणि उरलेली दोन टोकं कंबरेला पुढे येतात. पीळ पडू द्यायचा नाही. पट्टा नवा असेल तर रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, कोरडा नायलॉन इतका ताठ असतो की ट्रायग्लाइडमधून ओढताना नखं जातात.

आता मापं. पहिलं म्हणजे प्लेटची उंची. सगळं घालून सरळ उभं राहायचं आणि हात डोक्यामागे नेऊन मानेखाली चाचपायचं, प्लेटची वरची कड बोटांच्या टोकाला लागली पाहिजे. नाही लागली तर प्लेट फार खाली आहे, आणि मानेलाच टोचत असेल तर फार वर. मग खांदे. पट्टा आणि गळ्याच्या हाडाच्या मधे सपाट हात सहज सरकला पाहिजे, आणि हे उभं असताना, पाण्यात नाही. जमिनीवर घट्ट वाटलं म्हणजे छान बसलं असं जॅकेटमुळे आपल्या डोक्यात बसलेलं असतं. इथे उलट आहे, खांदे सैल ठेवायचे कारण प्लेट जागेवर धरायचं काम कंबर आणि मांड्यांमधला पट्टा करतो.

तुमच्या तीनही तक्रारींचं मूळ मला एकच दिसतंय. खांदे आखूड आहेत. त्यामुळे प्लेट वर ओढली गेलीय, म्हणून व्हॉल्व्ह डोक्याला, म्हणून कंबरपट्टा बरगड्यांवर, आणि म्हणूनच हात निघत नाही. दोन्ही बाजूंनी साधारण दोन-दोन बोटं सोडून बघा. टाकीही कॅमबँडमध्ये (टाकी प्लेटला आवळणारा पट्टा) जरा खाली घ्या.

रापण

पाणकोंबडा यांनी वर सगळं सांगितलंच आहे, फक्त डी-रिंगांचं राहिलं. खांद्याच्या डी-रिंगा काखेच्या रेषेत किंवा किंचित वर. खरी परीक्षा अशी की डाव्या हाताने उजवीकडची आणि उजव्या हाताने डावीकडची, न बघता, हातमोजे घालून पकडता आली पाहिजे. डाव्या कंबरेची रिंग कंबरेच्या हाडाच्या जरासं मागे, तिथे प्रेशर गेज अडकवायचा. बक्कल मधोमध ठेवू नका, थोडं उजवीकडे सरकवा, नाहीतर मांड्यांमधल्या पट्ट्याची लूप नेमकी त्याच्यावर येते.

आणि पट्टा कापू नका!! भरपूर शेपूट ठेवून चार-सहा डाइव्ह करा, मग खडूने खूण करून कापा. कापलेलं टोक मेणबत्तीवर वितळवा, चुना लावायच्या चमच्याने चपटं करा, बोटाने नाही.

बांगडा_तळलेला

मांड्यांमधला पट्टा मांड्यांमधला पट्टा काय लावलंय, लंगोट म्हणा की सरळ.

पाणकोंबडा

बरं, लंगोट. आमच्या गटात तसंच म्हणतात, इथे जरा सभ्यपणा दाखवत होतो.

लंगोटाचं माप राहिलंच होतं. उभं असताना हात घालता येईल इतका सैल. फार घट्ट केला तर पाण्यात आडवं होऊन मान वर केली की कळतं कुठे ओढतंय ते. फार सैल केला तर होडीवरून मागे उलटी मारली की विंग भरलेली असते ती वर धावते आणि प्लेट डोक्याकडे. आपल्या होड्या छोट्या, सगळेच कठड्यावर बसून मागे उलटतात, त्यामुळे हे पहिल्याच उडीत समजेल.

देवबागचो_झील

आमच्या होडयेर रोज पावणे येतत, कोण शंभर किलोचो तर कोण सुको बोंबील. तेंका ह्यो एकच पट्टो कसो बसवतलंस? अर्धो दीस ट्रायग्लाइड सरकवण्यात जायत. जॅकेट बरा, वढला की झाला. तुमचा तुमच्यासाठी ठेवा, धंद्यात ह्या चलाचा नाय.

चिपळूणचा_पाऊस

झील यांच्याशी सहमत आणि मी तर पुढे जाऊन म्हणेन की स्वतःसाठीही गरज नाही. बॅकप्लेट आणि अखंड पट्ट्याचा हा प्रकार मुळात फ्लोरिडाच्या गुहांमध्ये जाणाऱ्या लोकांनी घडवला, बिल होगार्थ मेन यांच्या नावावरून त्याला होगार्थियन म्हणतात. गुहेत डोक्यावर छप्पर, पाठीला दोन टाक्या, तास-तासभर आत, तिथे ठीक आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यामागे आठ मीटरवर एक टाकी घेऊन मासे बघायला कशाला पाहिजे? उगाच भारी दिसायला लोक घेतात आणि होडीवर इतरांच्या पायावर आपटतात.

रापण

@चिपळूणचा_पाऊस, पायावर आपटतात हे मान्य, माझ्याच अंगठ्याला प्रसाद मिळालाय. पण गरज नाही म्हणताना एक गोष्ट विसरताय, जाळी. निवतीच्या खडकांना आणि वेंगुर्ला रॉक्सच्या बाजूला तुटलेली नायलॉनची जाळी अडकलेली असतात, दिसत नाहीत, आणि गढूळ पाण्यात तर हात लागेपर्यंत कळत नाहीत. जॅकेटला खिसे, प्लास्टिकची बकलं, लोंबणाऱ्या पट्ट्या, प्रत्येक गोष्ट जाळं पकडते. इथे छातीवर काहीच नसतं, दोन पट्टे आणि दोन रिंगा. गुहेतल्या लोकांनी दोरीत अडकू नये म्हणून जे केलं तेच आपल्याला जाळ्यांसाठी उपयोगी पडतं.

फक्त मग सुरीची जागाही नीट ठरवा. पायाला बांधलेली मोठी सुरी शोभेची. कंबरपट्ट्यावर बक्कलच्या डाव्या बाजूला छोटी, दोन्ही हातांनी निघेल अशी. नायलॉनच्या बारीक जाळ्याला आकड्याच्या आत पातं असलेला कटर सुरीपेक्षा चांगला.

शिंपलाताई

बायकांनी काय करायचं हे कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. जॅकेटमध्ये छातीवरची आडवी पट्टी मला नेहमी त्रास द्यायची, इथे ती नाहीच, हा मोठा फायदा. पण खांद्याचे पट्टे सरळ खाली आणायचा हट्ट सोडा, ते आपसूक बाहेरच्या बाजूने जातात, जाऊ देत. डी-रिंगा काखेच्या रेषेपेक्षा थोड्या वर घेतल्या तर टोचत नाहीत. उंची कमी असेल तर साधी प्लेट कंबरेखाली उतरते आणि वाकताना बोचते, आखूड प्लेट मिळते ती घ्यावी. आणि लंगोट पावणेदोन-दोन इंची रुंदच घ्या, अरुंद दिसायला बरा पण कापतो. (हसा.)

खांद्याला पॅड लावावेत का यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. नवरा लावतो. मी काढून टाकले, ते पाण्यात वर तरंगायला बघतात आणि वाळत पण नाहीत. पट्टा खांद्याला काचत असेल तर पॅड लावून झाकण्यापेक्षा लांबी तपासावी हे माझं मत.

बांगडा_तळलेला

ताई, नवऱ्याचं मत पण त्याच्याच आयडीवरून येऊ द्या.

शिंपलाताई

तो पॅड वाळत घालतोय.

गिरणीवाला

माझा प्रश्न वेगळा, ही प्लेट इथे बनवून घेता येईल का? कुडाळ एमआयडीसीत ओळखीचा फॅब्रिकेटर आहे, तीन मिलीमीटरची स्टेनलेस शीट वाकवून देईन म्हणतो. पट्टा म्हणून गाडीचे जुने सीटबेल्ट आहेतच.

पाणकोंबडा

सीटबेल्ट नको!! तो पातळ आणि मऊ, ट्रायग्लाइडमध्ये पकड धरत नाही, ओझं आलं की सरकतो, आणि डी-रिंग उभी न राहता लोळते. ताठ विणीचा दोन इंची नायलॉन पट्टाच पाहिजे, साधारण साडेतीन-चार मीटर.

प्लेट बनवता येते. पण साधी ३०४ ग्रेडची शीट घेऊ नका, ३१६ मागा, त्यात मॉलिब्डेनम असतं त्यामुळे खाऱ्या पाण्यात डाग कमी पडतात. बोल्टच्या भोकांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ११ इंच, म्हणजे २८ सेंटीमीटरला जरा कमी, हे जगभर ठरलेलं आहे आणि विंगाही त्याच मापाच्या असतात, ते चुकलं तर ती प्लेट भाकरी भाजायला वापरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाचांच्या कडा. लेझरने कापलेली खाच धारदार राहते, ती कानशीने गोल करून बोट फिरवून बघायची. नाहीतर पट्टा आतून कुरतडला जातो आणि तुटतो तेव्हाच कळतं.

चिपळूणचा_पाऊस

स्टील की ॲल्युमिनियम ते पण सांगा मग, विमानात वजनाचे पैसे पडतात.

पाणकोंबडा

इथे वापरायची तर स्टील. गणित सोपं आहे. आपल्याकडे भाड्याने मिळते ती ॲल्युमिनियमची ११ लिटरची टाकी, ८० क्युबिक फूटवाली, भरलेली असताना पाऊण किलोने खाली ओढते आणि संपत आली की जवळपास दोन किलोने वर उचलते, कारण मधल्या काळात अडीच किलोच्या वर हवा आपण खाल्लेली असते. त्यासाठी शिसं घ्यावंच लागतं. स्टीलची प्लेट अडीच किलोच्या आसपास, म्हणजे तेवढं शिसं कंबरेवरून उतरून पाठीवर, फुप्फुसांच्या मागे आलं, अंग आपोआप आडवं राहतं. पाय खाली लोंबकळून प्रवाळ तुडवणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतोय. प्रवासाला ॲल्युमिनियमची, ती एक किलोच्या आत-बाहेर भरते.

सागरमित्र_निवृत्त

जरा सावध करतो, कारण वर सगळेच खुशीत आहेत. दोन गोष्टी.

एक. सगळं वजन प्लेटमध्ये गेलं तर पाण्याखाली टाकून देता येईल असं काहीच उरत नाही. विंगला छिद्र पडलं तर काय कराल? सगळं सामान घालून, विंग रिकामी ठेवून, नुसत्या पायांनी वर येता आलं पाहिजे, हे उथळ पाण्यात करून बघा. नाही आलं तर थोडं शिसं वेगळ्या पट्ट्यावर घ्या. आणि तो शिशाचा पट्टा लंगोटाच्या वरून बांधा. आतून बांधला तर सोडला तरी पडणार नाही, लंगोटात अडकून तिथेच लटकेल. हे मी अनेकांच्या अंगावर बघितलंय, चांगले प्रशिक्षक असलेल्यांच्या सुद्धा.

दोन. अखंड पट्ट्यातून बेशुद्ध माणूस काढणं अवघड आहे. जॅकेटला खांद्यावर बकलं असतात, इथे नाहीत.

रापण

काका, दुसऱ्या मुद्द्यावर थोडं वेगळं मत. काढायचा नाही, कापायचा. होडीवर जाड कात्री ठेवायची, ॲम्ब्युलन्समध्ये कपडे कापायला असते ती, खांद्यावरचा पट्टा एका दमात कापला जातो. पट्टा नवीन येतो. आणि खांद्यावर प्लास्टिकचं बकल म्हणजे कोणीतरी टाकी त्याच्यावर ठेवणार आणि ते नेमकं निवतीला पोचल्यावर तुटणार. दीपगृहाच्या पायथ्याशी स्पेअर पार्टचं दुकान नाही.

सागरमित्र_निवृत्त

कात्री होडीवर असते असं धरून चाललात. किती होड्यांवर बघितलीय? पट्टा कापायचा ठरलं तर खलाशालाही ते आधी दाखवून ठेवावं लागेल, कुठे कापायचं, विंगची नळी न कापता. त्याची तयारी असेल तर माझी हरकत नाही. नसेल तर डाव्या खांद्यावर एक धातूचं बकल लावा, दिसायला होगार्थला पटणार नाही पण चालेल.

देवबागचो_झील

कात्री आमच्या होडयेर असा. सुरमय साफ करूक.

पाणकोंबडा

काकांच्या शिशाच्या पट्ट्याच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. बकलवर मात्र मी रापणच्या बाजूला आहे. ज्याचा खांदा दुखावलेला आहे किंवा हात मागे जात नाही त्याने जरूर लावावं, बाकीच्यांनी पट्टा पुरेसा लांब ठेवला तर गरज पडत नाही. काढताना कोपर वाकवून पोटाशी आणायचा आणि पट्ट्याखालून आधी कोपर बाहेर काढायचा, हात सरळ ठेवून ओढत बसलात तर बायकोला हाक मारावीच लागणार. विंगमध्ये थोडी हवा असेल तर पाण्यात अजून सोपं.

आंबोलीचा_बेडूक

विषयांतर करतो, क्षमस्व. आंग्रिया बँकेला (समुद्रातला बुडालेला प्रवाळांचा उंचवटा) जाऊन आलेलं कोणी आहे का इथे? विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरच्या वर आत आणि माथाच वीस मीटर खोल असं वाचलंय, प्रवाळ म्हणे अजून शाबूत आहेत.

चिपळूणचा_पाऊस

ते काही सकाळी जाऊन दुपारी माशाचं ताट खायला परत येण्यातलं नाही, रात्री मुक्काम करणारं जहाज लागतं. पण हो, तिथे जायचं तर मीसुद्धा बॅकप्लेट घेईन, मोडण्यासारखं त्यात काही नाही एवढं कबूल.

बांगडा_तळलेला

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

आंबोलीचा_बेडूक

आणि ते गुलदार जहाज? नौदलाने एमटीडीसीला दिलं ना, निवतीजवळ बुडवायला?

रापण

त्याचा वेगळा धागा आहे, इथे सुरू केलं तर लंगोट राहील बाजूला.

गिरणीवाला

धुण्याचं काय करता? मे महिन्यात आमच्या विहिरीचा तळ दिसतो, तिथे पट्टे गोड्या पाण्यात बुडवून ठेवतो म्हटलं तर आई झाडू घेऊन येईल.

शिंपलाताई

एक बादली पुरते. पट्टा काढायची गरज नाही, घातलेलाच राहू दे, फक्त ट्रायग्लाइडच्या खाली आणि बोल्टच्या मागे पाणी ओता, मीठ तिथेच बसतं. विंगच्या आत मात्र थोडं गोडं पाणी घालून हलवून खालच्या व्हॉल्व्हमधून काढाच. तेच पाणी नंतर माडाला. सावलीत वाळवा, उन्हाने नायलॉन कुजतो. जूनमध्ये सगळं बंद होतं तेव्हा विंग थोडी फुगवून टांगून ठेवा, घडी घातली तर पावसात बुरशी येते.

खाडीकाठचा

अपडेट देतो. सूट घालून परत केलं. खांदे दोन्ही बाजूंनी दोन बोटं सोडले, प्लेट उतरली, मानेखाली कड हाताला लागते. टाकी कॅमबँडमध्ये खाली घेतल्यावर व्हॉल्व्ह डोक्याला लागायचा थांबला. कंबरपट्टा कंबरेवर. बक्कल उजवीकडे. कोपराची युक्ती कामी आली, बायको आतून विचारत होती आज हाक कशी नाही म्हणून.

रविवारी तारकर्लीला उथळ पाण्यात घालून बघितलं. शिसं दोन किलोने कमी केलं तरी आरामात खाली, आणि काकांनी सांगितलेली रिकाम्या विंगची परीक्षा पास. एकच गोष्ट छळतेय, वर तरंगताना विंग मला पुढे, तोंडावर ढकलते. हे असंच असतं का?

सागरमित्र_निवृत्त

विंग जास्त फुगवताय. हवा सगळी पाठीमागे असते, गच्च भरली की तोंडावर पाडणारच. डोकं पाण्याबाहेर राहील इतकीच हवा भरा आणि थोडं मागे रेलून बसा. तरी होत असेल तर टाकी आणखी एक इंच खाली. विंग किती लिफ्टची, म्हणजे किती किलो उचलणारी आहे? एका टाकीला बारा-चौदा किलोच्या वर नको.

खाडीकाठचा

लेबल पुसलंय. मित्राला विचारतो.

पाणकोंबडा

लेबल नसेल तर पूर्ण फुगवून, कडेला शिसं बांधून पाण्यात सोडा. किती किलोला बुडते ते मोजा. येत्या शनिवारी आम्ही चारजण निवतीला जातोय, समुद्र शांत असला तर. शिसं माझ्याकडे आहे. पट्ट्याचा तुकडा उरला असेल तर घेऊन या, गिरणीवाल्यांना ताठ वीण म्हणजे काय ते हातात घेऊन बघू दे.

गिरणीवाला

मी येतो. सीटबेल्ट पण आणू का, तुलनेला?

पाणकोंबडा

आणा. होडी बांधायला लागेलच.